ट्रंककॉल काकूंची सायकल

माझं वजन मला तोंडावर विचारणारी पहिली व्यक्ती म्हणजे आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकू. रविवारची सकाळ होती. मी बनियनवर, हातात चहाचा कप, आणि दारात या, हातात सायकलचा पाना घेऊन उभ्या.

"वजन किती रे तुझं?"

लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या बाजूच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. तोवर काकूंची आणि माझी ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरती. मी पोट आत ओढून एक आकडा सांगितला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जास्त असेल," त्या म्हणाल्या. "पण बरं आहे. मला जड माणूसच हवा होता. चहा संपव आणि खाली ये."

माझी बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. लग्नानंतर इतकी मनापासून हसलेली मी तिला पाहिली नव्हती. मी गेलो खाली. न जाऊन सांगतो कुणाला?

सोसायटीत त्यांना पाठीमागे 'ट्रंककॉल काकू' म्हणत. टेलिफोन खात्यातली त्यांची सगळी नोकरी ठाण्याला ट्रंक ऑपरेटर म्हणून झाली होती. ज्यांनी ट्रंककॉल पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवायचा आणि ताटकळत बसायचं. मग ऑपरेटर दोन गावांमधली लाइन जोडून देणार, आणि आपलं बोलणं कुठे रंगात येतंय तोच तिचा आवाज मध्ये येणार, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" पुढे गल्लोगल्ली एसटीडी आली, ट्रंक बंद पडला, काकूंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण ती तीन मिनिटं त्यांनी खात्याला परत केली नाहीत.

कुणाशीही बोलताना त्यांच्या डोक्यात ते घड्याळ चालू असायचं. तुम्ही मुलाच्या ॲडमिशनचं सांगत असा नाहीतर सासूच्या गुडघ्याचं, वेळ झाली की त्या म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" विचारायच्या तेवढं. वाढवलेली कुणी कधी पाहिली नाहीत. नवा माणूस भिडेखातर "वाढवा ना" म्हणायचा, तर "लाइन मोकळी नाही" असं सांगून दार लावून घ्यायच्या. आमचे चेअरमन शहाभाई, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचं दुकान असलेला मोठा गोड माणूस, पण माईक हातात आला की सुटायचा नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर त्यांचं भाषण ऐन भरात असताना मागच्या खुर्चीतून आवाज आला. शहाभाई दचकून खालीच बसले. पाण्याच्या टाकीचा ठराव त्या वर्षी पहिल्यांदा वेळेत पास झाला.

मला आधी हा सगळा तुसडेपणा वाटायचा. मग त्या रविवारनंतर पुढच्या वर्षी माझे वडील गेले. भेटायला येणारे यायचे ते तास-दोन तास बसायचे, स्वतःच्या घरातली मरणं सांगायचे, चहा घेऊन जायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. काकू आल्या, आईजवळ बसल्या, तीन मिनिटांनी उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. दोन महिने रोज संध्याकाळी त्या तीन मिनिटांसाठी यायच्या, आणि आई त्या वेळेला केस नीट करून बसायला लागली. हे मी विसरू शकत नाही.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे 'वापरून द्यायचं'. काही द्यायचं असेल तर आधी आपण वापरून बघायचं, टिकलं तर द्यायचं. वॉचमनला स्वेटर द्यायचा होता तेव्हा तो बाप्यामाणसाचा ढगळ स्वेटर घालून त्या दिवसभर भाजी, बँक, देऊळ असं सगळीकडे फिरून आल्या. देवळाबाहेरच्या म्हाताऱ्याला चप्पल द्यायची म्हणून ती घालून भाईंदर स्टेशनपर्यंत चालत गेल्या आणि अंगठा लागतो म्हणून बदलून आणली. लोक हसायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं. मागे एकदा सोसायटीने कुठल्याशा पूरग्रस्तांसाठी टेम्पो भरून सामान पाठवलं होतं. ते भरताना काकूंनी पाहिलं होतं. एका पायाचा बूट, चेन तुटलेल्या पँटी, झाकण नसलेला मिक्सर. "आपण मदत नाही केली, आपण माळा आवरला," असं त्या अजून म्हणायच्या.

आणि तिसरी तऱ्हा म्हणजे सायकल. हिरवी लेडीज सायकल, पहिल्या पगारातून घेतलेली. लग्न ठरताना त्यांनी सासरच्यांना स्वच्छ सांगितलं होतं की मी येईन तर सायकलही येईल. सासऱ्यांनी आठ दिवस विचार करून दोघींना होकार कळवला. रात्रपाळी, पाऊस, दिवस गेलेले, यजमानांचं आजारपण, सगळं त्या सायकलवर झालं. ती पार्किंगमध्ये कधी राहिली नाही. लिफ्टमध्ये उभी करून तिसऱ्या मजल्यावर यायची आणि हॉलमध्ये चादर पांघरून झोपायची. लिफ्टमध्ये सायकल आणू नये अशी तक्रार झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "चार माणसांची लिफ्ट आहे ना? मी एक, ही एक. दोन जागा अजून तुमच्याच आहेत." त्या सायकलला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. माझ्या पुतण्याने एकदा नुसती घंटी वाजवायला बोट पुढे केलं, तर त्याला जिन्यापर्यंत पळवत नेलं. गंमत म्हणजे ती घंटी त्या स्वतःही वाजवायच्या नाहीत. रस्त्यात कुणी मध्ये आलं की खणखणीत आवाजात "होल्ड करा" म्हणून ओरडायच्या. माणूस जागच्या जागी थांबायचा. घंटीने कुठे असं थांबतं कुणी?

तर त्या रविवारी मी खाली गेलो तेव्हा जिन्याखाली गंजक्या सायकली ओळीने मांडलेल्या होत्या. आमच्या आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या. पोरं मोठी झाली, कॉलेजला गेली, त्यांच्या सायकली खाली धूळ खात पडल्या. काकूंनी घरोघरी जाऊन त्या मागून आणल्या होत्या. मागण्यामागे होती 'जव्हार'.

जव्हार म्हणजे जव्हार एक्स्चेंजच्या ऑपरेटर बाई. ट्रंकच्या काळात ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायच्या. आमच्या काकू 'ठाणे', त्या 'जव्हार'. वीसेक वर्षं दोघी रोज बोलल्या, रिकाम्या लाइनवर सुखदुःख सांगितलं, पण एकमेकींना पाहिलं कधीच नाही. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी फोन असायचा. तोही तीन मिनिटांचाच. एका रविवारी जव्हारनं सांगितलं की गावाजवळच्या शाळेत सातवीत असलेल्या अकरा मुली पुढच्या जूनपासून घरी बसणार, कारण आठवीची शाळा डोंगरापलीकडे आहे आणि रोज चालत जाणं-येणं झेपणारं नाही. सायकली असत्या तर गेल्या असत्या. काकू म्हणाल्या, "लावून देते."

ट्रंक ऑपरेटरच्या तोंडी हा शब्द साधा नसतो. लावून देते म्हटलं की लाइन लावून द्यायची, मग कितीही वेळ लागो. अकरा मुली, अकरा सायकली. एकीलाही राहिलीस असं म्हणायला लागता कामा नये, एवढंच त्या आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायच्या.

शहाभाईंनी लगेच दुकानाचा टेम्पो देऊ केला. "काकू, रात को भर दो, सुबह जव्हार. टेन्शनच नाय."

"टेम्पोतून पाठवलेलं भंगार असतं, शहाभाई," काकू म्हणाल्या. "चालवत नेली तर ती सायकल."

म्हणजे आम्ही त्या सायकली चालवत जव्हारपर्यंत न्यायच्या, तिथे मुलींच्या हातात द्यायच्या आणि एसटीने परत यायचं. काकू पुढे आपल्या हिरव्या सायकलवर, ती मात्र एसटीच्या टपावर टाकून परत आणायची. माझं वजन का विचारलं ते आता कळलं. "तुझ्याखाली टिकली, तर मुलीखाली दहा वर्षं टिकेल," असं त्यांनी मला समजावलं. मला यात स्तुती शोधावी लागली.

आम्ही अकरा जण कसे जमलो हे आठवलं की अजून हसू येतं. सी विंगमधला कांबळे, मूळचा नांदेडचा, सहा फुटी माणूस, त्याच्या वाट्याला बास्केटवाली गुलाबी सायकल आली. दोघे बँकवाले होते. एक ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताई होत्या. शेवटची सायकल कॉलेजला सोळाव्या वर्षी चालवलेले माझ्यासारखे बाकीचे. दिवाळी झाल्यावर दर रविवारी पहाटे काकू आम्हाला सरावाला न्यायच्या. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा करत तारोडीपर्यंत. खाडीचा वारा तोंडावर, पुढे वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि आमचे फुललेले श्वास. मुर्ध्याला वाटेत मासळीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी आमची वरात बघून म्हणाली, "कुनाचं लगीन हाय काय रं?"

"लगीन न्हाय, आजी," कांबळे म्हणाला. "वजन कमी करतोय."

"मंग सायकल कशाला? चालत जा की."

काकूंना हे इतकं आवडलं की पुढचे दोन रविवार त्यांनी आम्हाला तारोडीच्या चढावर सायकल हातात धरून चालायला लावलं. घाटात हेच करायचं आहे, म्हणाल्या.

निघालो तेव्हा थंडी होती. सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. कुणी तळहातावर दही ठेवलं, कुणी चिवड्याचे पुडे बास्केटमध्ये कोंबले. शहाभाईंनी दोन शब्द बोलायला घसा साफ केला आणि काकूंकडे पाहून नुसतेच हात जोडले. घोडबंदर, मग खाडीवरचा पूल, मग हायवे. ट्रकवाले आम्हाला बघून हॉर्न वाजवायचे आणि काकू त्यांना "होल्ड करा" म्हणायच्या. दुपारपर्यंत माझी बैठक म्हणजे नुसता ठणका झाली होती. मनोरला मुक्काम झाला. जेवताना सगळे भातावर तुटून पडले होते. पण खरं सांगतो, हायवे सोडून विक्रमगडच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, अंगावर कोवळं ऊन, पुढे गुलाबी सायकलवर गुडघे कानाला लावून चाललेला कांबळे, तेव्हा मला वाटलं, असं बरं वाटायला आपण इतकी वर्षं का थांबलो होतो?

हे वाटून संपलं नाही तोच माझी सायकल मोडली.

साधा खड्डा होता. चाक त्यात गेलं, खालून काडकन आवाज आला आणि मी रस्त्याच्या कडेला गवतात. लागलं काही नाही. पण पेडलच्या वरची फ्रेमची दांडी सांध्यातून निखळली होती. वरून आम्ही नवा रंग दिला होता, आतून गंजाने खाल्लेली. पुढच्या नाक्यावर वेल्डिंगवाला भेटला. तो म्हणाला, करून देतो, चालेल. काकूंनी दांडीच्या आत बोट घालून पाहिलं. बोटाला गंज लागला. तो त्यांनी पदराला पुसला.

"नको," त्या म्हणाल्या. "उतारावर पोरीच्या अंगाखाली मोडली तर?"

मग माझ्याकडे वळल्या. मी ओशाळून उभा होतो, वजनाचा इतका राग मला कधीच आला नव्हता. त्या म्हणाल्या, "बरं झालं रे, तुझ्याखाली मोडली." मनापासून म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. टेम्पोतून गेली असती तर ती कुणाखाली मोडली असती, हे तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

पण आता दहाच उरल्या. मुली अकरा.

"मी एसटीने येतो पुढे," मी म्हणालो. "एक सायकल नंतर पाठवू, काकू. शहाभाई देतील टेम्पो."

काकू आपल्या हिरव्या सायकलजवळ गेल्या, पदराने सीट पुसली आणि हँडल माझ्यापुढे धरलं. "बस."

"मी? हिच्यावर?"

"माझ्या वजनाला टिकते ते मला माहीत आहे. तुझ्या वजनाला टिकते का, ते बघायचंय. अंग चोरू नको. सगळा भार टाक."

मला समजायला क्षणभर लागला. मग समजलं. वापरून द्यायचं. त्या कांबळेच्या मागे गुलाबी कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि मी जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी घरातलं माणूस सांभाळून न्यावं तशी ती सायकल चालवली. घाट आला तेव्हा सगळेच उतरून चाललो. काकू माझ्या बाजूने चालत होत्या, पण हँडलला त्यांनी हात लावला नाही. मध्येच एकदा विचारलं, "काही वाजतंय का?" मी म्हटलं, काही नाही, काकू. "वाजणारच नाही," त्या म्हणाल्या.

शाळेच्या फाटकाशी एक बुटकी, बारीक बाई छत्री घेऊन उभी होती. काकू उंच, धिप्पाड. दोघी एकमेकींसमोर थांबल्या.

"ठाणे?" ती म्हणाली.

"बोला, जव्हार."

आणि बोलल्याच नाहीत. वीस वर्षं लाइनवर बोललेल्या दोन बायकांना समोरासमोर एक शब्द सुचेना. जव्हारबाई नुसत्या काकूंचा दंड धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाजावरून मला वाटायचं, तू माझ्याएवढीच असशील." काकू म्हणाल्या, "आणि मला वाटायचं, तू माझ्याएवढी." मग हसल्या दोघी, डोळे पुसत.

मैदानात मुली रांगेत बसल्या होत्या, केसांना तेल लावून, चापून वेण्या घालून. हेडसरांनी भाषणाचा कागद काढला. तो काकूंनी तीन मिनिटांत मिटवायला लावला, ते सांगायला नकोच. एकेक मुलगी पुढे येऊन सायकल घेऊन जात होती. शेवटची वनिता नावाची. एवढीशी, सावळी, बाकीच्यांच्या सायकली मोजत बसलेली. दहावी सायकल गेली तेव्हा तिने मान खाली घातली. तिला वाटलं, संपल्या.

काकूंनी माझ्या हातून हिरवी सायकल घेतली. पाना काढला आणि सीट खाली करायला बसल्या. त्या सीटची उंची लग्नाआधीपासून तीच असावी, कारण नट हलेना. मी पुढे झालो तर मला कोपराने बाजूला सारलं. बऱ्याच वेळाने तो सुटला. सीट खाली गेली. काकूंनी पुन्हा एकदा पदराने ती पुसली, आणि हँडल वनिताच्या हातात दिलं.

"चालवता येते?"

वनिताने मान डोलावली. मग हळूच विचारलं, "बाई, घंटी वाजवू?"

मला पुतण्या आठवला. काकू म्हणाल्या, "वाजव."

ती घंटी इतकी मोठ्याने वाजते हे आमच्या सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं न वाजलेली घंटी ती पोरगी सोडायलाच तयार नव्हती. वाजवत, डगमगत, मैदानाला फेऱ्या मारत होती. बाकीच्या मुली ओरडत तिच्या मागे. काकू मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या आणि सायकल जाईल तिकडे सावकाश वळत होत्या.

परतीची एसटी फाटकाशी येऊन उभी राहिली. कंडक्टर घाई करायला लागला, आमची मंडळी चढायला लागली. काकू जागच्या हलेनात. मी जवळ गेलो. त्यांना कसं बोलवावं कळेना, म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांच्याच सुरात म्हटलं, "काकू, तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नजर त्या हिरव्या सायकलवरच होती.

"वाढव," म्हणाल्या. "अजून तीन."